आवडीचे पदार्थ न सोडता वजन कमी करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आहारसल्ल्याचे काम करताना जे प्रश्न रोज समोर येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे गाऱ्हाणे एकच असते : मिसळ, वडापाव, पुरणपोळी आणि आमरस कायमचा सोडावा लागणार असेल, तर हे आम्हाला जमायचे नाही. मला हे गाऱ्हाणे पूर्णपणे रास्त वाटते. जो आहार पुढच्या गुढीपाडव्यालाही चालू असण्याची शक्यता नाही, तो आज सुरू करून हाती काही लागत नाही. पुढील सर्व उत्तरे याच समजुतीवर बेतलेली आहेत.

माझे वजन खरोखरच जास्त आहे का, हे कसे ओळखावे?

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बॉडी मास इंडेक्स मिळतो. भारतीयांसाठी हा आकडा २३ च्या पुढे गेला तर वजन जास्त आणि २५ किंवा त्याहून अधिक असेल तर स्थूलता, असे मानले जाते. पाश्चात्त्य देशांत हीच मर्यादा अनुक्रमे २५ आणि ३० अशी आहे. आपल्याकडे ती कमी ठेवण्याचे कारण असे की, तेवढ्याच वजनाच्या युरोपीय माणसापेक्षा आपल्या शरीरात चरबीचे प्रमाण अधिक आणि स्नायूंचे कमी असते, आणि ती चरबी पोटाभोवती साठते. १६० सेंटिमीटर उंची आणि ६४ किलो वजन असलेल्या व्यक्तीचा आकडा बरोबर २५ येतो, आणि अशा व्यक्तीला घरचे सगळे ‘अंगाने अगदी बेताची’ म्हणत असतात. म्हणून कंबरेचा घेरही मोजावा. पुरुषांमध्ये तो ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असल्यास मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

किती वजन कमी करावे आणि किती दिवसांत?

सुरुवातीचे उद्दिष्ट सध्याच्या वजनाच्या ५ ते १० टक्के इतकेच ठेवावे. ८० किलोच्या व्यक्तीसाठी हे ४ ते ८ किलो होतात. एवढ्या घटीनेही रक्तदाब, रक्तातील साखर आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातील एक प्रकारची चरबी) यांत चांगला फरक पडतो, त्यामुळे लग्नाच्या वेळच्या वजनापर्यंत जाण्याचा हट्ट धरू नये. आठवड्याला साधारण अर्धा किलो हा वेग बहुतेकांना पेलतो.

पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरल्याचे दाखवणाऱ्या जाहिराती पुष्कळ दिसतात. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे कर्बोदकांच्या राखीव साठ्याच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणीही धरून ठेवलेले असते. पोळी-भात एकदम बंद केला की हा साठा संपतो आणि पाणी निघून जाते. काटा खाली येतो, पण चरबी जवळजवळ तेवढीच राहते, आणि दोन दिवस नेहमीसारखे जेवले की पाणी परत येते.

आवडीचे पदार्थ बंद केल्याशिवाय वजन खरोखर कमी होते का?

होते, आणि माझ्या अनुभवात तेच टिकते. वजन कमी होण्यासाठी शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा थोडी कमी ऊर्जा पोटात जावी लागते. ती तूट एखादा ठरावीक पदार्थ वर्ज्य केल्यामुळेच पडते असे नाही. दिवसाची आणि त्याहीपेक्षा आठवड्याची गोळाबेरीज महत्त्वाची असते.

बंदीचा परिणाम काय होतो, हे फार पूर्वीच दिसून आले आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने निम्म्याच्या आसपास आहारावर ठेवले होते. त्या काळात हे तरुण दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले, आणि निर्बंध उठल्यावर कित्येकांना किती खावे याचा अंदाजच राहिला नाही. उपासमारीत भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते, चरबीच्या साठ्याची खबर मेंदूला देणारे लेप्टिन घटते, आणि शरीर आपला खर्च आखडता घेते. डाएट मोडल्यावर ‘माझ्यात मनोनिग्रहच नाही’ असे म्हणून स्वतःला दोष देणाऱ्यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे.

पाचपाखाडीतून माझ्याकडे आलेल्या एका ताईंनी त्यापूर्वी एका वजन घटवणाऱ्या केंद्रात आगाऊ पैसे भरून दोन महिने सूप, काकडी आणि पाकिटातील पावडर यांवर काढले होते. नऊ किलो उतरले, केस गळले, आणि दिवाळीनंतर अकरा किलो परत आले. केंद्राने त्यांना पुन्हा तेच ‘पॅकेज’ घेण्याचा सल्ला दिला. मला याचा संताप येतो, कारण त्या बाईंचा स्वतःवरचा विश्वास गेला तो त्यांच्या चुकीमुळे नव्हे.

मी त्यांना अगदी साधी गोष्ट करायला सांगितली. ज्यांच्याशिवाय राहवणार नाही असे तीन पदार्थ कागदावर लिहायचे. त्यांनी मिसळ, खरवस आणि आईच्या हातची पुरणपोळी लिहिली. वेफर्स, ऑफिसमधील वाढदिवसाचा केक, बिस्किटे आणि मुलांच्या ताटातील उरलेसुरले, जे त्या रोज खात होत्या, त्यांपैकी एकही गोष्ट त्या यादीत आली नाही. असे जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत घडते. ज्या पदार्थांवर आपले खरे प्रेम असते ते आपण क्वचितच खातो, आणि वजन वाढते ते बहुधा बेध्यानात खाल्लेल्या गोष्टींनी. यादीतील पदार्थ ठेवावेत, त्यांचा दिवस ठरवावा, आणि यादीबाहेरच्या गोष्टींना नकार देण्याचा सराव करावा.

मिसळ खाल्ली तर चालेल का?

चालेल. ठाण्यात राहून मामलेदार कचेरीजवळच्या प्रसिद्ध मिसळीच्या दुकानावरून जाताना दर वेळी नजर वळवत राहणे हा काही जगण्याचा मार्ग नव्हे. मिसळीची वाटी जरा निरखून पाहावी. तळाशी मोड आलेली किंवा शिजवलेली कडधान्याची उसळ असते, जिच्यात प्रथिनेही आहेत आणि तंतूही. वर तळलेले फरसाण असते, त्यावर कट आणि कटाच्या वर तेलाची तर्री, आणि कडेला पाव. वाटी दोन मिनिटे स्थिर राहू दिली की तर्री वर येऊन कडेला लाल कड धरते. ती दोन-तीन चमचे बाजूला काढली तरी कटाचा झणका जात नाही, कारण मसाला रश्शातही उतरलेला असतो. फरसाण वेगळे मागून मूठभरच घालावे. दुसऱ्या पावाऐवजी जास्तीची उसळ घ्यावी. वर कांदा आणि लिंबू हवे तेवढे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ती बसून, मोबाइल खिशात ठेवून खावी आणि त्या सकाळचे ते संपूर्ण जेवण मानावे. घरी पोहे खाऊन झाल्यावर मित्रांच्या संगतीने घेतलेली मिसळ आणि ठरवून रविवारी खाल्लेली मिसळ यांत पदार्थ तोच असला, तरी दिवसाचा हिशेब सर्वस्वी वेगळा होतो.

संध्याकाळी स्टेशनवर उतरलो की वडापाव सुटत नाही. काय करावे?

मुंबईहून लोकलमध्ये उभ्याने येऊन ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाखाली पोहोचलेल्या माणसाला साडेसातला जी भूक लागते, ती दुपारी एकच्या डब्यानंतर काहीही न खाल्ल्यामुळे लागलेली असते. त्या क्षणी तळणीचा वास आला की निर्णय घेण्याची शक्ती कोणातच उरत नाही. म्हणून उपाय स्टेशनवर नव्हे, तर पाच-साडेपाचला ऑफिसमध्येच करावा. मूठभर फुटाणे, एखादे फळ, वाटीभर ताक किंवा उकडलेले अंडे एवढे पोटात असले की घरच्या जेवणापर्यंत सहज निभावते.

एका वडापावातून साधारण २५० ते ३०० कॅलरी मिळतात. आठवड्यातून एकदा खाल्ला तर तो कोणाचेही वजन वाढवत नाही. रोज एक, आणि त्यावर नऊ वाजता पूर्ण जेवण, असे वर्षभर चालले की वाढवतो. ठरलेल्या दिवशी मात्र गरम, सुक्या चटणीसह आणि अपराधी न वाटून घेता खावा.

आम्ही बाहेरचे काहीच खात नाही, तरी वजन का वाढते?

या प्रश्नाचे उत्तर मी सर्वांत विस्ताराने देतो, कारण येथेच सर्वाधिक सुधारणा करता येते. घरचे जेवण म्हणजे कमी ऊर्जेचे जेवण, ही समजूत चुकीची आहे. एक ग्रॅम मेदातून ९ कॅलरी मिळतात, तर तेवढ्याच प्रथिनांतून किंवा कर्बोदकांतून ४. तेल मग शेंगदाण्याचे असो, करडईचे असो की ऑलिव्हचे असो, त्याची ऊर्जा सारखीच असते.

चार प्रौढ माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपतो, असे गृहीत धरू. दरडोई दिवसाला सुमारे ४२ मिलिलिटर तेल झाले. त्याचे वजन ३८ ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे केवळ तेलातून माणशी सुमारे ३४० कॅलरी. तूप, लोणी, दाण्याचे कूट आणि खोबरे यांचा मेद याशिवाय. हाच डबा तीन लिटरवर आला तर तेलाच्या कॅलरी २०५ च्या आसपास येतात आणि प्रत्येकाचा रोजचा सुमारे १३५ कॅलरींचा भार उतरतो, तोही ताटातील एकही पदार्थ न बदलता. १ किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे वर्षभरात या एका बदलाचे मोल कळते. शरीर हळूहळू खर्च कमी करत असल्यामुळे प्रत्यक्ष घट कागदावरच्या गणिताइतकी होत नाही, पण ती होते.

हे करण्यासाठी बुधल्यातून धार धरण्याची सवय मोडावी लागते. कढईत तेल चमच्यानेच घालावे. चहाच्या एका चमच्यात ५ मिलिलिटर तेल मावते आणि त्यातून ४० ते ४५ कॅलरी मिळतात. चौघांच्या भाजीच्या फोडणीला तीन चमचे पुरेसे होतात. वांगे, भेंडी, बटाट्याच्या काचऱ्या या भाज्या तेल ओढून घेतात, तेव्हा वर झाकण ठेवून झाकणात पाणी घालावे. त्या वाफेवर भाजी शिजते आणि करपतही नाही. आपल्या आज्या असेच करीत असत.

चहा हे दुसरे ठिकाण. दिवसातून चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर घातली तर ३२ ते ४० ग्रॅम साखर चहातूनच जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाची वरून घातलेली सर्व साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवणे उत्तम. चहा सोडू नये. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक कपामागे अर्धा चमचा साखर कमी करावी. जीभ सावकाश बदलते, पण बदलते.

भात बंद करावा का? निदान रात्रीचा?

नाही. शिजवलेल्या १०० ग्रॅम भातातून सुमारे १३० कॅलरी मिळतात, आणि भात रात्री खाल्ला म्हणून त्या वाढत नाहीत. अडचण भाताच्या प्रमाणात आहे. आपल्या ताटात भाताचा डोंगर आणि भाजी चवीपुरती, असे चित्र असते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार ताटाचा साधारण निम्मा भाग भाज्या आणि फळे यांनी व्यापलेला असावा. म्हणून आधी कोशिंबीर आणि भाजी, मग वरण किंवा आमटी, आणि शेवटी भाताची एक वाटी, असा क्रम ठेवावा. या क्रमाने जेवल्यास रक्तातील साखरही कमी उसळते. वरणभातावर चमचाभर साजूक तूप खुशाल घ्यावे. भात हवा असेल त्या दिवशी पोळी एकच घ्यावी.

साखरेऐवजी गूळ किंवा मध वापरला तर?

चवीसाठी अवश्य वापरावा. वजनाच्या दृष्टीने मात्र गूळ आणि साखर यांच्या कॅलरींत नाव घेण्याजोगा फरक नाही, आणि गरम पाण्यात मध-लिंबू घेतल्याने चरबी वितळत नाही.

पोट भरत नाही, सतत काहीतरी खावेसे वाटते. हे का होते?

ताटात प्रथिने कमी असतात म्हणून. निरोगी प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत, आणि वजन कमी करताना स्नायू टिकवायचे असल्यास याहून थोडी अधिक घेणे हिताचे ठरते. चहा-बिस्किटे, पोहे, पोळी-बटाटा आणि आमटी-भात अशा दिवसात ती भरून निघत नाहीत. त्यासाठी महागड्या डब्यातील पावडरीची गरज नाही. मुगाचे धिरडे, मटकीची उसळ, झुणका, घट्ट वरण, दही, पनीर, अंडी, आणि मांसाहारींसाठी बांगडा, मांदेली किंवा बोंबील हे सर्व आपल्या स्वयंपाकघरातच आहे. मासळी रव्यात तळण्याऐवजी तव्यावर दोन चमचे तेलात भाजावी किंवा तिचे तिखले करावे. चेंदणी कोळीवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांना ताज्या मासळीची चव मी काय सांगावी! मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

दिवसातून दोनदाच जेवणे किंवा उपवास करणे चांगले का?

महाराष्ट्रात या पद्धतीचा बराच प्रसार झाला आहे आणि ती काही जणांना मानवते, कारण मधले चरणे आपोआप थांबते. ती इतर पद्धतींपेक्षा सरस आहे, असे मात्र म्हणता येत नाही. २०२२ मध्ये चीनमधील ग्वांगझू येथील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १३९ स्थूल व्यक्तींचे दोन गट केले होते. दोन्ही गटांना कॅलरी सारख्याच कमी दिल्या, पण एका गटाने सकाळी ८ ते दुपारी ४ याच वेळेत खायचे होते. वर्षाअखेर दोन्ही गटांच्या वजनातील घटीत लक्षणीय फरक आढळला नाही. ज्यांना सकाळची न्याहारी प्रिय आहे त्यांनी ती टाकण्याचे कारण नाही.

आपल्या उपवासाविषयी एवढेच सांगतो की साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ आहे, आणि तूप, दाण्याचे कूट व बटाटा यांच्यासह त्याची खिचडी नेहमीच्या जेवणापेक्षा जड होते. श्रद्धेने उपवास करणाऱ्यांनी वरीचे तांदूळ, दाण्याची पातळ आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक आणि फळे यांकडे वळावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधे घेणाऱ्यांनी मनाने उपवास करू नये. साखर एकाएकी खाली जाऊ शकते.

गणपती, दिवाळी, केळवणे आणि नातेवाइकांचा आग्रह यांतून मार्ग कसा काढावा?

सण साजरे करावेत. गणपतीला नैवेद्याचे दोन उकडीचे मोदक तूप घालून खाल्ले, तर काहीही बिघडत नाही. बिघडते ते आरतीसाठी रोज पाच घरी जाऊन प्रत्येक ठिकाणी पेढे आणि वाटीभर चिवडा घेतल्याने. दिवाळीत फराळाचे डबे ओट्यावरून उचलून वरच्या फळीवर ठेवावेत आणि बशीत एक चकली, एक करंजी, चमचाभर चिवडा असे वाढून घ्यावे. डब्यात हात घालून खाल्लेले मोजता येत नाही. आंब्याच्या दिवसांत आमरस असेल त्या जेवणात पुऱ्या दोनच आणि भात नको, एवढे पाळावे. पिकलेल्या आंब्यातून १०० ग्रॅममागे सुमारे ६० कॅलरी मिळतात. रसात वरून घातलेली साखर आणि सोबतच्या आठ पुऱ्या यांनी जेवण जड होते.

आग्रहाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण अनेकांचे प्रयत्न येथेच फसतात. मावशींना ‘माझे डाएट चालू आहे’ असे सांगितले की त्या दुखावतात आणि आग्रह दुप्पट होतो. ‘मावशी, पुरणपोळी इतकी सुरेख झाली आहे की अर्धी रात्रीसाठी डब्यात द्या’ असे म्हटले, तर मानही राखला जातो आणि ताटही आटोक्यात राहते. वाढणाऱ्याला पहिल्या वाढपातच थोडे कमी वाढायला सांगावे, म्हणजे दुसऱ्यांदा घ्यायला जागा उरते. घरातील सुनांना आणि आयांना मी आवर्जून सांगतो की, उरलेले वाया जाऊ नये म्हणून स्वतः संपवण्याची जबाबदारी तुमची एकटीची नाही. फ्रिज त्यासाठीच आहे.

नुसते चालून वजन कमी होईल का?

फारसे नाही. ६०-७० किलोच्या व्यक्तीने अर्धा तास भरभर चालल्यास १२० ते १५० कॅलरी खर्च होतात, म्हणजे साधारण अर्धा वडापाव. तरीही चालावेच, कारण उतरलेले वजन टिकवण्यात आणि साखर, रक्तदाब, झोप सुधारण्यात नियमित हालचालीचा मोठा वाटा असतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवते. तलावपाळी, कचराळी तलाव, उपवन, येऊरचा रस्ता असे पर्याय ठाणेकरांना पायाशी आहेत. फक्त तलावपाळीच्या फेऱ्या संपवून भेळेच्या गाडीपाशी रोज थांबण्याचा प्रघात पाडू नये.

दोन महिने वजन उतरले, आता काटा हलत नाही. चुकले कोठे?

बहुधा कोठेच नाही. हलक्या झालेल्या शरीराला ऊर्जा कमी लागते, त्यामुळे आधीची तूट आपोआप आटते. खारवलेले पदार्थ, पापड, लोणचे, मासिक पाळी यांमुळे एक-दीड किलो पाणी शरीरात रेंगाळते, ते निराळेच. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी शौचानंतर वजन करावे आणि महिन्याने कंबर मोजावी. तीन-चार आठवडे दोन्ही आकडे जैसे थे राहिले, तर तीन दिवस खाल्लेले सर्व काही लिहून काढावे, अगदी चाखून पाहिलेली भाजीसुद्धा. आधीच कमी असलेले जेवण आणखी तोडू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे? इंजेक्शनांचे काय?

काही न बदलता वजन एकाएकी वाढले, पाळी अनियमित झाली, सतत थकवा आणि थंडी वाजणे सुरू झाले, किंवा स्टेरॉइडसारखी औषधे चालू असतील, तर आधी तपासणी करावी, कारण थायरॉइड आणि पीसीओएस (स्त्रियांमधील संप्रेरकांचा एक विकार) यांमुळेही वजन वाढते. गरोदर आणि स्तनदा स्त्रियांनी, वाढीच्या वयातील मुलांनी, आणि पूर्वी उपाशी राहणे किंवा खाऊन उलट्या काढणे असा त्रास झालेल्यांनी स्वतःहून आहार कमी करू नये. सेमाग्लुटाइड, टिर्झेपेटाइड ही इंजेक्शनने घेतली जाणारी औषधे भूक कमी करून परिणाम साधतात आणि काही रुग्णांना ती खरोखर उपयोगी आहेत. पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत, आणि थांबवल्यावर बहुतेकांचे वजन बऱ्याच अंशी परत येते, हे आधी समजून घ्यावे.

पहिल्या आठवड्यात नेमके काय करावे?

तीन आवडत्या पदार्थांची यादी करून ती फ्रिजवर लावावी आणि त्यांपैकी एकाचा दिवस ठरवावा. कंबर आणि वजन लिहून ठेवावे. संध्याकाळच्या पाचच्या खाण्यासाठी फुटाण्यांची डबी पिशवीत टाकावी. आणि तेलाची नवी पिशवी ज्या दिवशी फोडाल, त्या दिवसाची तारीख बुधल्यावर पेनाने लिहावी. ती संपेल तेव्हा किती दिवस गेले ते मोजावे, मग पुढची पिशवी त्याहून चार दिवस जास्त पुरवण्याचा प्रयत्न करावा.